लाइमनंतरचे गोळे आणि ठणका

प्रश्न : मी कनेक्टिकटला मुलीकडे राहते. गोचीड चावून लाइम आजार झाला. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स संपत आलाय, पण मांड्या ठणकतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मॅग्नेशियम घेऊ का? कोर्स वाढवून मागू?

उत्तर : ताई, मॅग्नेशियम आत्ता नकोच. ते डॉक्सिसायक्लिनला पोटातच धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, अॅसिडिटीची औषधं यांचंही तेच, म्हणून मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. शिवाय उतारवयात रात्री पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग दिसलेला नाही.

गोळा आला की गुडघा सरळ ठेवून चवडा स्वतःकडे ओढा, अर्धा मिनिट धरा, मग पोटरी हलक्या हातानं चोळा. हाच ताण झोपण्यापूर्वीही द्या. ठणक्याला पंधरा-वीस मिनिटं कोमट शेक घ्या. बरं वाटलेल्या दिवशी सगळी कामं उरकायचा मोह होतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. तेव्हा चालणं रोज थोडंच ठेवा, हळूहळू वाढवा. वेदनाशामक घ्यायचं तर मूत्रपिंड, अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं यांची माहिती डॉक्टरांना आधी द्या.

कोर्स पूर्ण करा, पण स्वतःहून वाढवू नका. उपचारानंतरही काहींची अंगदुखी काही महिने रेंगाळते. ती खरी असते, मनाचे खेळ नव्हेत. मात्र महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन टिकाऊ फायदा झाला नाही, असं चाचण्यांत दिसलं आहे. दुष्परिणाम मात्र होतात.

चेहरा एका बाजूला वाकडा झाला, मान ताठरली, धडधड किंवा चक्कर आली, गुडघा सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर थेट ९११.