सहा तासांच्या आत: नेत्रदानाचा पाठ



मागच्या महिन्यात आपल्या एका गटातल्या ताईंच्या सासूबाई वारल्या. "माझे डोळे कुणाला तरी द्या," असं त्या नेहमी सांगायच्या. पण त्या रात्री गेल्या, पाहुणे येईपर्यंत सकाळ झाली, आणि फोन कुणाला करायचा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ताई मला म्हणाल्या, "इच्छा होती गं, पण राहून गेलं." म्हणून या वेळचा पाठ नेत्रदानाचा.

डोळा कुणाच्या उपयोगी पडतो?

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. कापणीत धसकट लागलं, चुना उडाला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर ही काच पांढरी पडू शकते. आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडलं. अशा माणसाला मृत व्यक्तीचं पारपटल बसवतात, अख्खा डोळा बदलत नाहीत. एका व्यक्तीच्या नेत्रदानातून दोघांना दिसू शकतं. काचबिंदूने गेलेली नजर मात्र याने परत येत नाही.

त्यांचं आयुष्य कसं बदलतं?

तांदळातले खडे दिसतात. पासबुकातला आकडा स्वतः वाचता येतो. हात धरून नेणारी घरातली मुलगी शाळेला मोकळी होते.

पण पट्टी काढली की लगेच लख्ख दिसतं असं नाही. नजर हळूहळू सुधारते, कधी वर्षही लागतं. महिनोन्‌महिने थेंब घालावे लागतात, पुष्कळदा चष्मा लागतो, धूर-धुळीपासून जपावं लागतं. डोळा लाल झाला, दुखला किंवा पुन्हा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. शरीर नवा पडदा नाकारतंय, याची ती खूण असू शकते.

किडनीचंही असंच. डायलिसिसवरच्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास मशीनवर बसावं लागतं. पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. किडनी मिळाली की ही फेरी सुटते, कामावर जाता येतं. गोळ्या मात्र रोज घ्याव्या लागतात, त्या चुकवून चालत नाही. जिवंत माणूस एक किडनी देऊ शकतो. मृत्यूनंतर ती घ्यायची तर मेंदूमृत्यू दवाखान्यात जाहीर झालेला असावा लागतो. नेत्रदान मात्र घरी मृत्यू झाला तरी होतं.

बैठकीत विचारलेले प्रश्न

*चेहरा विद्रूप होतो का?* नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं. पापण्या नीट मिटवून देतात, अंत्यविधी अडत नाही.

*मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, साखर आहे, चालेल का?* सहसा चालतं. चष्मा असला, वय झालं, तरी चालतं. एड्स, काविळीचे काही प्रकार, रेबीज असे आजार असतील तर डोळे घेत नाहीत.

*पैसे लागतात का?* नाही. मिळतही नाहीत. अवयवांची खरेदी-विक्री 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

*पुढच्या जन्मी आंधळं येतं म्हणतात?* ताई, पुढचा जन्म कुणी पाहिला? या जन्मी दोघं पाहतील, एवढं मी सांगू शकते.

वेळ आली तर काय करायचं?

1. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. लगेच नेत्रपेढीला फोन करा.
2. पापण्या मिटवा, वर ओला स्वच्छ कापूस ठेवा.
3. पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या.
4. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवा.

अर्ज आधी भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने नेत्रदान होतं. आणि अर्ज भरला, पण घरच्यांना सांगितलं नाही, तर तो कागद पेटीतच राहतो.

या महिन्याचं काम: आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारून जवळच्या नेत्रपेढीचा नंबर घ्या. तो गटाच्या इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि आज रात्री जेवताना घरात आपली इच्छा बोलून ठेवा.

— तुमची क्षेत्र समन्वयक