संतूर-वादन कसें ऐकावें?

गवई एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जातो तेव्हां मधली वाट पुष्कळदां मोकळी सोडीत नाहीं. सूर न तुटतां घसरत पुढें जातो. ह्यास मींड म्हणतात, व आपल्या रागसंगीतांत तिचें महत्त्व फार आहे. मग ज्या वाद्याच्या तारांवर केवळ आघात करावयाचा, त्यावर राग कसा वाजवावा? ह्या प्रश्नाचें उत्तर पंडित शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) ह्यांच्या ध्वनिमुद्रिकांत सांपडतें. त्या कशा ऐकाव्या, ह्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. संतूर म्हणजे एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद अशी लांकडी पोकळ पेटी. काश्मिरी संतुरास २५ घोड्या असून प्रत्येकीवरून ४, अशा एकूण १०० तारा ताणलेल्या असतात. टोंकाशीं वळलेल्या दोन हलक्या कलमांनीं त्या वाजवितात. काश्मिरांत सूफियाना मौसिकीच्या गायनास ह्या वाद्याची साथ असते. एकट्यानें राग विस्तारण्याचें काम त्याजकडे नव्हतें.

शिवकुमार मूळचे जम्मूचे. वडील पंडित उमादत्त शर्मा ह्यांनीं त्यांस आधीं गायन व तबला शिकविला आणि मग संतूर हातीं दिलें. १९५५ सालीं मुंबईंत त्यांनीं तें जाहीरपणें वाजविलें, तेव्हां ‘ह्यावर मींड निघत नाहीं’ असा आक्षेप जाणकारांनीं घेतला. आक्षेप खोटा नव्हता. संतूर टाकून दुसरें वाद्य धरणें सोपें होतें. परंतु त्यांनीं संतूरच सुधारलें. तारांची जुळणी बदलली, वाद्य बैठकीवरून काढून मांडीवर घेतलें, आणि कलम तारेवर हलकेंच घरंगळत ठेवून सूर लांबविण्याची रीत बसविली. १९६० सालीं त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली.

आतां ऐकण्याचा क्रम सांगतों. आरंभींच्या आलापांत तबला नसतो. तेथें एक आघात विरतांना दुसरा त्यास कसा गांठतो, इकडे कान द्यावा. पुढें जोडांत लय प्रकट होते व झाल्यांत ती द्रुत होते. नंतर गत सुरू होऊन तबला मिळतो. ती रूपकांत असल्यास ७, झपतालांत असल्यास १० मात्रा बोटांवर मोजाव्या व समेवर दोघे कसे भेटतात तें पाहावें. बालपणींच्या तबल्याचें शिक्षण येथें फळास आलेलें दिसेल.

मग तोच राग एखाद्या गवयाच्या मुखांतून ऐकावा व दोहोंची तुलना करावी. पालकांनींही मुलांजवळ बसून ऐकावें. संतुरांत दोन स्वरांमधील जागा रिकामी असते, तरी सूर अखंड चालल्याचा भास होतो. तो भास वादकाच्या हातानें व श्रोत्याच्या कानानें मिळून घडतो. म्हणून कान तयार करणें हाही अभ्यासच होय.