गंजावर रंग

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या रानवाटांवर वडिलार्जित जुनी जीप चालविणाऱ्या बंधूंनो, लोखंडास ओल व हवा मिळाली की गंज चढतो. पावसाळी चिखल चासीच्या पोकळीत साचतो. तेथे गंज आतून पोखरतो. वरून रंग दिल्याने तो झाकला जातो, थांबत नाही. म्हणून आधी चिखल धुऊन गाडी वाळवावी. लोखंड चकाकेपर्यंत घासावे. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा. मग लागलीच रेड ऑक्साइडचे अस्तर व त्यावर रंग द्यावा. चासीच सडली असल्यास कसबी वेल्डरास दाखवावी. बसणाऱ्यांचे प्राण तिच्यावर अवलंबून असतात.

पापाविषयीही आम्ही हेच शिकवितो. नीतिसूत्रे 28:13 वाचा. झाकणे आणि कबूल करून सोडणे यांतील भेद तेथे पाहा. वडिलांची गाडी तशीच त्यांनी दिलेली विश्वासाची ठेव. दोहोंची तपासणी वेळोवेळी व्हावी.