नऊ महिने नऊ दिवसांचा हट्ट नको गं

अगं, बीपी १४८/९६ आलं तरी तू म्हणतेस, "ताई, मला तर काहीच होत नाही." तेच तर वाईट आहे बाई. हे दुखणं आतल्या आत वाढतं. चार तासांच्या अंतरानं दोनदा १४०/९० किंवा वर आलं, की ते बीपीच धरायचं. १६०/११० झालं तर रात्र काढायची नाही, लगेच दवाखाना.

सासूबाई म्हणतात, नऊ महिने नऊ दिवस भरू दे. त्यांची माया खोटी नाही. पण या दुखण्याचं मूळ वारेत आहे. गोळ्या बीपी आवरतात. दुखणं जातं ते वार पडल्यावरच. म्हणून ३७ आठवडे भरले, की बीपी फार चढलेलं नसलं तरी डॉक्टर कळा आणायचा सल्ला देतात. नेदरलँडमध्ये ७५६ बायकांवर हे पडताळून पाहिलं, २००९ साली छापून आलं. कळा आणल्या त्यांच्यात शंभरातल्या ३१ जणींचं दुखणं बळावलं, वाट पाहिली त्यांच्यात ४४ जणींचं. आणि तुला ज्याची धास्ती, ते सिझेरियन त्यानं वाढलं नाही.

३४ ते ३७ आठवड्यांचा काळ अवघड. तिथं बेळगावकडच्या आणि आफ्रिकेतल्या झांबियातल्या दवाखान्यांनी मिळून केलेला अभ्यास मला मोलाचा वाटतो, कारण त्या बायका आपल्यासारख्याच. बीपी वाढून लघवीत प्रथिनं जाणाऱ्यांची बाळंतपणं ठरवून आधी केली, तर पोटातच दगावणारी बाळं कमी झाली, आणि बाळांचे हालही वाढले नाहीत. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ३४ च्या आत मात्र, आईची तब्येत धरून असेल तर, बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला इंजेक्शन देऊन दिवस मिळवतात. आठव्या महिन्याचं बाळ जगत नाही म्हणतात ना, ते खोटं. सातव्यापेक्षा आठव्याचं जास्त तरतं.

आता खरी गोष्ट. तुझे ३७ आठवडे जानेवारीत भरतात, म्हणजे ऐन ऊसतोडणीत. तेव्हा तू सांगली-कोल्हापूरकडं कोपीवर असशील, तर तुझं बीपी कोण मोजणार? उचल घेतलीय, कोयता ठरलाय, मला कळतं. तरी मुकादमाला आत्ताच सांगा, या हंगामात तू तेलगावातच राहशील. दर महिन्याच्या नऊ तारखेच्या तपासणीला जा, कार्डावर आठवडे लिहून घे, कळा आणायची तारीख विचार. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जायचं म्हटलं, तर धारूरच्या घाटातून जावं लागतं. तो रस्ता रात्री कळा सोसत जायचा नाही, दिवसाउजेडी शांतपणे जायचा आहे.

डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, बरगडीखाली दुखलं, बाळाचं हलणं कमी झालं, तर १०८ ला फोन कर. नवरा यायची वाट बघू नकोस. आणि बाळंत झाल्यावरही पहिला आठवडा बीपी मोजून घे. या बीपीचे झटके तेव्हाही येऊ शकतात.