तारखेच्या संध्याकाळचा फोन

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात नव्याने वकिली सुरू करणाऱ्यांना कळकळीने सांगायचे आहे. पक्षकाराला निकाल हवा असतोच, पण त्याआधी कित्येक वर्षे आपल्या केसचे काय चालले आहे हे त्याला कळायला हवे असते.

पहिल्या भेटीत त्याला बोलू द्या. जमिनीच्या वादात माणूस सातबाऱ्यापासून सुरुवात करत नाही, भावाशी कशावरून बिनसले तिथून करतो. ऐका, कामाचा साक्षीदार बहुधा त्यातच सापडतो. पूर्वभागातल्या आजीला तेलुगू जवळची, अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याला कन्नड. आपल्याला येत नसेल तर ती भाषा जाणणारा सहकारी शेजारी बसवा. घरच्या माणसाला दुभाषी करताना मात्र जपा. वाद घरातलाच असेल तर बाई त्याच्यादेखत तोंड उघडणार नाही.

वकीलपत्र वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या. कोर्ट फी, टायपिंग, नकला आणि स्वतःची फी वेगवेगळी लिहून द्या. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. विडी वळणारी बाई आली तर तिला आधी हे सांगा, की विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. केस हातची गेली तरी चालेल.

आता सगळ्यात मोलाचे. तारखेच्या संध्याकाळी स्वतः फोन करा. आज काय झाले, पुढची तारीख कोणती आणि त्या दिवशी यायलाच हवे का, एवढेच सांगा. तिसरी गोष्ट हमखास राहते आणि करमाळ्याचा माणूस एसटीचे भाडे भरून, रोज बुडवून उगाच येतो. दिवाणी दाव्यात दर तारखेला त्याची गरज नसते. फौजदारीत आरोपीला यायचे नसेल तर हजेरी माफीचा अर्ज आधीच तयार ठेवा. सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांकही लिहून द्या, म्हणजे घरातली शिकलेली मुलगी ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तारीख पाहील.

‘जिंकतोच’ असे कधीही म्हणू नका. कच्चा पुरावा कच्चाच सांगा. अपिलाचा खर्चही आधी बोला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे, सोलापूरकरांची मुंबईची फेरी त्यामुळे वाचते.

आणि पक्षकाराला वकील बदलायचा असेल तर फी थकली म्हणून फाईल अडवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात तसा हक्क वकिलाला नाही असे सांगितले आहे. कागदांची यादी करा, पोच घ्या आणि फाईल त्याच्या हातात द्या.