एस्प्रेसो-कॉफीचे प्रकार : एक वैद्यकीय परिचय

आहाराविषयी माहिती घेताना ‘चहा-कॉफी किती?’ हा प्रश्न आपण सर्वच वैद्य विचारतो आणि ‘दोन कप’ हे उत्तर रुग्णपत्रकात लिहून पुढे जातो. पूर्वी एवढे पुरत असे. कारण कॉफी म्हणजे घरी दुधात उकळलेली, जायफळाचा स्वाद असलेली कॉफी, हे गृहीत होते. आज नोकरदार तरुण रुग्ण ‘लाटे’, ‘कॅपुचिनो’, ‘अमेरिकानो’ अशी नावे सांगतो. ही केवळ रुचिभेदाची नावे नसून त्यांत द्रव्य, मात्रा व संस्कार यांची माहिती दडलेली आहे. ती वाचता आल्यास निदान व पथ्यविचार दोन्ही नेमके होतात. या दृष्टीने प्रस्तुत लेखात या पेयांचा परिचय करून देत आहोत.

१. एस्प्रेसो म्हणजे काय?

ही इटलीत विकसित झालेली कल्पना होय. तुरीन येथील आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली वाफेच्या साहाय्याने कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ साली प्रत्येक कप स्वतंत्रपणे काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. पुढे आकिले गाज्जा यांच्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दांडीच्या यंत्रामुळे पाण्याचा दाब बराच वाढला व कॉफीवर आज दिसणारा तांबूस फेस येऊ लागला.

पारंपरिक इटालियन पद्धतीत सुमारे ७ ग्रॅम बारीक दळलेली, दाबून बसविलेली पूड घेतात. तीतून ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले पाणी, वायुमंडलाच्या सुमारे नऊपट दाबाने, २५ ते ३० सेकंदांत जाऊ देतात. हाती येतो तो २५ ते ३० मि.लि. घट्ट अर्क. या एका मात्रेस ‘शॉट’ म्हणतात.

पंचविध कषायकल्पनांपैकी ही फांटाच्या जवळची आहे. शार्ङ्गधरांनी फांटासाठी एक पल द्रव्यास चार पल उष्ण जल सांगितले आहे. एस्प्रेसोतही पूड आणि मिळणारा अर्क यांचे प्रमाण साधारण एकास चार असेच पडते. भेद आहे तो दाबाचा व काळाचा. याच न्यायाने रात्रभर थंड पाण्यात पूड भिजवून केलेली ‘कोल्ड ब्रू’ ही हिमकल्पनेच्या जवळ जाते; ती एस्प्रेसो नव्हे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे लग्नसमारंभात ‘एक्स्प्रेसो’ म्हणून मिळणारी कॉफी बहुधा तयार कॉफीपूड, साखर व वाफेने फेसाळलेले दूध यांची असते. वर कोको भुरभुरलेला असतो. रुग्ण ‘एस्प्रेसो’ म्हणाला, तर दोहोंपैकी कोणती, हे विचारून घ्यावे.

२. प्रमुख प्रकार

(अ) दुधाविना : ‘रिस्ट्रेट्टो’त तेवढ्याच पुडीतून कमी पाणी जाऊ देतात, ‘लुंगो’त अधिक, म्हणून लुंगो अधिक कडवट लागते. ‘डोप्पियो’ म्हणजे दुप्पट मात्रा. ‘अमेरिकानो’त तयार एस्प्रेसोमध्ये गरम पाणी मिसळतात. ती पातळ दिसते, पण तिच्यातील कॅफीन मूळ शॉटइतकेच राहते.

(आ) दुधासह : ‘माकियातो’ म्हणजे डागाळलेली, एस्प्रेसोवर चमचाभर दुधाचा फेस. स्पेनमधील ‘कोर्तादो’त साधारण समभाग कोमट दूध असते. ‘कॅपुचिनो’ दीडशे ते एकशेऐंशी मि.लि.ची असून तिच्यावर फेसाचा जाड थर असतो. कापुचिन साधूंच्या तपकिरी वस्त्रावरून हे नाव पडले. ‘फ्लॅट व्हाइट’चा फेस पातळ असतो, तिच्या जन्माचा मान ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड दोघेही सांगतात. ‘लाटे’त दूध सर्वांत अधिक, दोनशे मि.लि. वा त्याहून जास्त. इटालियन भाषेत ‘लात्ते’ म्हणजे नुसते दूध, हे ध्यानात ठेवले म्हणजे या पेयाचे स्वरूप विसरत नाही.

(इ) मधुर : ‘मोका’त चॉकलेट व साखर येते. ‘आफोगातो’त आइस्क्रीमवर गरम एस्प्रेसो ओततात, शीत व उष्ण यांचा एकत्र उपयोग म्हणून ती मंदाग्नीच्या रुग्णास वर्ज्य समजावी.

३. मात्रा व गुणविचार

एका शॉटमध्ये साधारण ६० ते ८० मि.ग्रॅ. कॅफीन असते. रोबस्टा जातीच्या बियांत ते अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने मिश्रणानुसार हा आकडा बदलतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मि.ग्रॅ., तर गर्भिणीसाठी २०० मि.ग्रॅ.पर्यंतचे सेवन चिंताजनक नसल्याचे मत दिले. मोठ्या आकाराच्या एका पेल्यात दोन किंवा अधिक शॉट असू शकतात. म्हणजे ‘दोन कप’ सांगणारा रुग्ण प्रत्यक्षात चार शॉट घेत असतो आणि गर्भिणी ही मर्यादा नकळत ओलांडते.

संहितांत कॉफीचे वर्णन नाही. तिचे गुण अनुमानानेच ठरवावे लागतात. तिक्त-कषाय रस, रूक्षता, तीक्ष्णता व उष्णता पाहता ती वातपित्तकर मानणे योग्य दिसते. दूध मधुर, स्निग्ध, गुरु आहे. त्यामुळे रूक्षता झाकली जाते. कॅफीन मात्र तसूभरही कमी होत नाही. ‘मी दुधाचीच घेतो’ हे अनिद्रा वा हृद्द्रवाच्या रुग्णाचे समाधान म्हणूनच फसवे आहे. शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात, गर्भावस्थेत त्याहून पुष्कळ अधिक. सायंकाळी सहाची लाटे रात्री अकराला अर्धी शिल्लक असते.

‘कॉफी बंद’ हा एकच आदेश सर्वांना देणे त्यामुळे युक्त नाही. स्थौल्य व प्रमेहात शॉटपेक्षा त्यासोबतचे दूध, साखर व सिरप यांचा विचार आधी करावा. कॉफीने पोट बिघडते असे सांगणाऱ्या रुग्णात क्षीर-असात्म्य असू शकते. आठवडाभर लाटेऐवजी तेवढ्याच शॉटची बिनदुधाची अमेरिकानो देऊन पाहिल्यास दोष दुधाचा की कॉफीचा, याचा पुष्कळ उलगडा होतो. अम्लपित्तात मात्र रिकाम्या पोटी कोणताच प्रकार नको.

४. औषधांशी संबंध

फार्मसीधारक बंधूंसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणासोबत घेतलेल्या एका कप कॉफीने अन्नातील लोहाचे शोषण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. जेवणानंतर तासाभराने घेतली तरी तेवढीच घट दिसली. जेवणाआधी तासभर घेतल्यास दिसली नाही. हा आकडा लोहभस्म वा मंडूरास जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही पांडुरोगात लोहकल्प कॉफीसोबत वा तिच्या लगतच्या वेळी देऊ नयेत, एवढा बोध घ्यावाच. थायरॉइडच्या गोळीचे शोषणही कॉफीसोबत घेतल्यास घटू शकते. अशा रुग्णास दोहोंत किमान तासाचे अंतर ठेवण्यास दुकानातच सांगावे.

५. सोडविण्याचा क्रम

नित्य सेवन एकदम थांबविल्यास बारा ते चोवीस तासांत शिरःशूल, ग्लानी, चिडचिड सुरू होते व ती काही दिवस टिकते. रुग्ण याचा दोष आपल्या औषधास देतो आणि चिकित्सा सोडतो. चरकांनी असात्म्य सवयी पादांशाने सोडण्यास सांगितले आहे. चार शॉट घेणाऱ्यास हा क्रम तंतोतंत लागू पडतो : प्रथम सायंकाळचा शॉट काढावा, तो सोसल्यावर दुसरा, मग तिसरा.

६. रुग्णपत्रकासाठी

वैद्यमित्रांनी ‘कॉफी’ या शब्दापुढे पाच रकाने ठेवावेत : पेयाचे नाव, शॉटची संख्या, दूध व साखर, शेवटच्या कपाची वेळ, औषधापासूनचे अंतर. ही माहिती घेण्यास एक मिनिटही लागत नाही. द्रव्य, मात्रा व काल यांवाचून आपण कोणतेही औषध लिहीत नाही. रुग्ण रोज स्वतःहून घेत असलेल्या या तीक्ष्ण द्रव्याचीही नोंद तशीच असावी.