घरांतील बिनतारी जाळें : मांडणी व दोषशोधन

घरीं बिनतारी संदेशवहनाचें यंत्र असणें ही आतां नवलाईची गोष्ट राहिली नाहीं. खामगांव-मलकापूरची गोष्ट तर सोडाच, पण मेहकर-लोणारकडील खेड्यांतहि कित्येक घरीं भिंतीवरच्या लहानशा पेटींत हिरवे दिवे लुकलुकतांना दिसतात. ‘वायफाय’ हा शब्द लहान मुलांच्याहि तोंडीं आहे. परंतु या एकाच शब्दानें लोक दोन निरनिराळ्या वस्तूंचा बोध करून घेतात, आणि घोटाळ्यास आरंभ तेथूनच होतो. एक वस्तु म्हणजे बाहेरून घरापर्यंत येणारी वाट. मग ती काचतंतूची असो वा मोबाइलच्या मनोऱ्यावरून आलेली असो. दुसरी वस्तु म्हणजे राउटर नांवाच्या पेटीपासून आपल्या हातांतील यंत्रापर्यंत घरांतल्या घरांत जाणारी लहर. पहिलीसाठीं आपण दरमहा पैसे भरतों. दुसरी सर्वस्वीं आपल्या भिंतींवर व आपल्या मांडणीवर अवलंबून असते. बिघाड कोणत्या ठिकाणीं आहे हें ठरविल्यावांचून खर्च करणें म्हणजे विहीर आटली कीं मोट फाटली हें न पाहतां नवी मोट विकत घेण्यासारखें आहे.

प्रथम या लहरीचा थोडा परिचय करून घेऊं. प्रकाश आणि या लहरी एकाच कुळांतील होत. भेद केवळ लांबीचा. जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें अशाच लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. घरगुती जाळ्यांचा नियमसंच, ज्यास ८०२.११ असा क्रमांक आहे, तो १९९७ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. आणि भारत सरकारनें २००५ सालीं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांकरितां परवान्यावांचून खुला केला. आमच्या आजोबांच्या पिढीला नुसता रेडिओ ऐकावयाचा तरी पोस्टांत परवान्याचे पैसे भरावे लागत. आज घरोघर प्रक्षेपक बसला आहे व कोणी विचारीत नाहीं. मात्र जें सर्वांना मोकळें, त्यावर कोणा एकाचा हक्क नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

या लहरींचा वेग सेकंदास सुमारें तीन लाख किलोमीटर. त्यास २४० कोटी कंपनांनीं भागिलें असतां २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर येते. ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटिमीटर. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. आंखूड लहर अधिक मजकूर वाहून नेते, पण भिंतीपुढें लवकर थकते; लांब लहर मंद असली तरी दूरवर पोंचते. अंतर दुप्पट झालें कीं मोकळ्या जागेंतहि शक्ति चतुर्थांश उरते. धातूवर आपटून लहर मागें फिरते, आणि पाणी तिला शोषून घेतें.

आतां हीं तीन शत्रूंचीं नांवें, धातु, पाणी व जाड भिंत, मनांत धरून आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या घरांत शिरावें. धाब्याच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती हात-हात, दीड-दीड हात जाड. पावसाळ्यांत ती माती ओल धरते, तेव्हां अडथळा आणखी वाढतो. नवीं घरें विटा-सिमेंटचीं, पण कित्येकांवर लोखंडी पत्रे. धान्याची कोठी पत्र्याची, कपाट पोलादी. आणि उन्हाळा आला कीं खिडकींत कूलर बसतो, म्हणजे पत्र्याची पेटी व तिच्या पोटांत पाण्याची टाकी. दोन शत्रु एकत्र! सिंदखेड राजा येथील जाधवांच्या वाड्याच्या भिंती ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना, अशा भिंतींआड एका पेटीचा निभाव कां लागणार नाहीं, हें निराळें सांगणें न लगे.

मेहकर तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत होती. २०२० च्या मार्चांत शाळा बंद पडल्या तेव्हांपासून तिचे बरेचसे पाठ यंत्रावरूनच चालत. मागल्या खोलींत पाठ दर पांच मिनिटांनीं थबके. मग ती वही घेऊन धाब्यावर, उन्हांत जाऊन बसे. वडिलांनीं अधिक वेगाची, अर्थातच अधिक दराची जोडणी घेण्याचें ठरविलें होतें. कापसाचे पैसे अजून हातीं यावयाचे होते. आम्हीं पेटीपासून दोन हातांवर उभें राहून वेग मोजला. जेवढ्याचे पैसे भरले तेवढा पुरेपूर मिळत होता. वाट उत्तम, दोष घरांत. पेटी ओसरीवरील पोलादी कपाटामागें चोरांच्या भयानें दडविलेली होती आणि मध्यें धान्याची कोठी. ती काढून माजघरांत, डोक्याइतक्या उंचीवर लांकडी फळीवर ठेविली. घराच्या बहुतेक भागाचें काम तेवढ्यानेंच झालें. मागल्या खोलीची भिंत मात्र हार मानीना. तेव्हां तेथवर तार ओढून जुनीच एक दुसरी पेटी जोडली. जोडणी पूर्वीचीच राहिली.

तार ओढणें पुष्कळांस कमीपणाचें वाटतें. बिनतारीच्या घरांत तार कशाला, असा प्रश्न येतो. पण शंभर मीटरपर्यंत ही तार निर्धास्त काम देते, आणि बाजारांत मिळणारा साधा लहर-वाढविणारा डबा एकाच लहरीवर ऐकतो व बोलतो, त्यामुळें वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. आमचें मत तारेच्या बाजूचें आहे.

दोष शोधण्याचा क्रम असा ठेवावा. सर्व यंत्रें बंद कीं एकच? एकच असल्यास त्या यंत्रांत जाळ्याचें नांव विसरवून पुन्हां जोडावें. सर्वच बंद असल्यास पेटीच्या दिव्यांकडे पाहावें. काचतंतूच्या पेटीवर एल. ओ. एस. अक्षरांचा दिवा तांबडा झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाहीं. अशा वेळीं पासवर्ड बदलीत बसणें व्यर्थ, जोडणी देणाऱ्यास कळवावें. तुटलेल्या तंतूच्या टोकास डोळा लावून कदापि पाहूं नये. तो प्रकाश दिसत नाहीं, पण डोळ्यास अपाय करूं शकतो. दिवे ठीक असून पानें उघडत नसतील तर वीज काढून अर्ध्या मिनिटानें पुन्हां द्यावी. मात्र मागील बारीक छिद्रांत टांचणी खुपसूं नये. तेणें सर्व मांडणी पुसली जाते, जोडणी देणाऱ्यानें भरलेलें नांवसुद्धां. खामगांवच्या दाट वस्तींत शेजाऱ्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात, तेथें २.४ च्या पट्ट्यांत १, ६ व ११ या तीन चॅनलांपैकीं कमी गर्दीचें निवडावें, कारण तीं एकमेकांवर चढत नाहींत. शेतांतील एकाकी घरास ही चिंता नाहीं.

पेटीबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा, आणि संरक्षणाच्या रकान्यांत डब्ल्यूपीए-२ वा डब्ल्यूपीए-३ निवडावें. आपल्या जोडणीवरून परक्यानें कांहीं गैर केलें तर चौकशीस प्रथम माणसें आपल्याच दारीं येतात. शेजारच्या मुलास अभ्यासाकरितां जोडणी देणें चांगलेंच. परंतु त्यासाठीं पाहुण्यांचें निराळें जाळें, ज्यास गेस्ट नेटवर्क म्हणतात, तें बहुतेक पेट्यांत असतें, तें द्यावें.

वीज जाते तेव्हां काचतंतूची वाट पुष्कळदां शाबूत असते, केवळ आपली पेटी विझते. बहुतेक पेट्या १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठीं लहान बॅटरी-संच मिळतो, पण घेण्यापूर्वीं पेटीवरचा आंकडा वाचून घ्यावा. तंतु भिंतीवरून नेतांना कोपऱ्यांत काटकोनांत मुडपूं नये, प्रकाश तेथेंच सांडतो. आणि धान्याच्या खोलींतून तर नेऊंच नये, कारण उंदरांस ज्वारी व तंतु यांतील भेद कळत नाहीं.